अस्वलावर नेम कुठे धरायचा? सत्तरीच्या काजूबागेतून एक सविस्तर उत्तर

गेल्या मार्चात शेजारच्या भाटातले (काजूच्या बागायतीतले) तात्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसले. त्या दिवशी सकाळी काजूची बोंडे वेचायला गेलेल्या त्यांच्या सुनेला बागेच्या वरच्या टोकाला अस्वल दिसले होते. ते खाली मान घालून खात होते, ती हळूच मागे फिरली, काही झाले नाही. पण तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारले, "बाबा, माझ्याकडे बंदूक आहे, परवाना आहे. उद्या ते परत आलं तर नेम कुठे धरू? डोक्यात की छातीत?"

"मारायचं नसतं" एवढे म्हणून मी त्यांची बोळवण केली नाही. घाबरलेल्या माणसाने विचारलेला तो प्रश्न होता आणि त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवे होते. त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. तेच इथे लिहून ठेवतो, कारण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सुर्ल्यापासून केरीपर्यंत आणि तिकडे नेत्रावळी, खोतीगावच्या बाजूलाही काजूच्या दिवसांत हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या मनात असतोच.

कायदा आधी सांगतो, थोडक्यात. आपल्या रानातले अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच ओळीत. त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे तुरुंग, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. शेतीचे नुकसान केले हे त्याला मारायचे कारण होऊ शकत नाही. अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला बंदुकीचा परवाना ही ती परवानगी नव्हे. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिकपणे, ते मेले तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतः बेकायदा शिकारीला बसलेले असाल तर ही सवलत मिळत नाही, आणि मेलेले जनावर कुठल्याही परिस्थितीत सरकारचे असते.

तात्यांना हे ठाऊक होते. कायद्याने माणसाची भीती जात नाही, म्हणून नेमाबद्दलच बोलू.

नेमाचे खरे गणित

कॅनडात आणि अमेरिकेच्या काही राज्यांत काळ्या अस्वलाची शिकार कायद्याने चालते. तिथल्या शिकाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा, की गोळी लागल्यावर जनावर काही क्षणांत संपले पाहिजे, आणि तशी खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही. त्यासाठी जनावर आडवे, पूर्ण कूस दाखवत उभे हवे, नाहीतर किंचित पाठमोरे तिरके. जवळच्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडलेला हवा, म्हणजे खांद्याचे हाड वाटेतून सरकते. नेम त्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या मध्याला किंवा थोडा खाली. तिथे दोन्ही फुप्फुसे आणि हृदयाचा वरचा भाग एका रेषेत येतो. दोन्ही फुप्फुसे फुटली की जनावर फार लांब जात नाही. एकच फुटले, किंवा गोळी मागे सरकून पोटात गेली, तर ते तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस जगते.

डोक्यावर नेम धरू नका, हेही तिथे बजावून सांगतात. अस्वलाची कवटी जाड आणि उतरती, मेंदू लहान, आणि डोके सतत हलते. थोडे चुकले की जबडा फुटतो, आणि जबडा फुटलेले जनावर उपासमारीने मरते. समोरून धरलेला नेमही टाळतात, कारण छातीचे हाड आणि दोन्ही खांदे मध्ये येतात आणि जागा अगदी अरुंद उरते. त्यात अस्वलाचे केस दाट आणि कातडीखाली चरबी, त्यामुळे जखम बुजते, रक्त जमिनीवर पडत नाही, आणि जखमी जनावराचा माग काढणे इतर जनावरांपेक्षा अवघड होते. म्हणूनच तिथे उजेड, अंतर, जनावराची ठेवण आणि त्याच्या मागे काय आहे, हे चारही जुळेपर्यंत थांबायला शिकवतात. त्यातले एक जरी बिनसले तरी बंदूक खाली.

आता हे चार आपल्या बागेत जुळवून बघा. मी तात्यांना हेच करायला लावले.

उजेड. राखण असते रात्री. बॅटरीच्या झोतात तुम्हाला दिसतात दोन डोळे आणि त्याभोवती काळोखापेक्षा काळा एक गोळा. आपल्या अस्वलाचे केस लांब, विस्कटलेले, मानेवर आणि खांद्यावर तर आयाळच. अंग कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात हे दिवसाउजेडीसुद्धा चटकन कळत नाही. पायाच्या मागची जागा रात्री शोधणार कशी?

अंतर. काजूच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात, खाली रान माजलेले असते. बहुतेक वेळा अस्वल दिसते तेच दहा-पंधरा पावलांवर. म्हणजे गोळी सुटल्यावर ते तुमच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ घेईल, त्यात दुसरे काडतूस भरून होत नाही.

ठेवण. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले की छातीवरचा पांढुरका पट्टा दिसतो, आणि जुनी माणसे सांगतात की तिथेच मारायचे. ते उभे राहते ते बघायला आणि हवेतला वास घ्यायला. त्याची नजर कमकुवत, समोर काय आहे हे त्याला कळलेले नसते, म्हणून ते उंच होते. तो हल्ल्याचा पवित्रा नव्हे. त्या क्षणी तुम्ही समोरून, हाडांच्या आडून, तेही छर्ऱ्याच्या बंदुकीने मारता. परवान्याची बंदूक बहुतेक एकनळी बारा बोअरची. तिचे छर्रे पसरत जातात आणि अंतराबरोबर त्यांचा जोर मरतो. रानडुकरासाठी भरलेल्या काडतुसाने अस्वल जागेवर संपत नाही. ते जखमी होते आणि अंगावर येते, किंवा झाडीत निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या दुसऱ्याच माणसाला भेटते.

आणि मागे काय आहे? उतारावर खालच्या अंगाला कुणाची तरी भाटी (काजूची दारू गाळायची भट्टी) पेटलेली असते, कुणी तरी पहाटेच बोंडे वेचायला निघालेले असते. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या घटना आपल्या सह्याद्रीपट्ट्यात घडलेल्या आहेत.

मी अकरा वर्षांचा असताना आजोळी मामाने नाचणीच्या शेतात काळोखात डुक्कर म्हणून एक गोळी सोडली. सकाळी रक्त दिसले नाही, म्हणून चुकली असे सगळ्यांनी धरले. चौथ्या दिवशी खालच्या ओहोळात गुरे पाजायला गेलेल्या पोरांना अस्वल दिसले. ते पाण्यात तोंड घालून बसले होते. खालचा जबडा लोंबत होता, त्यात किडे पडले होते, आणि पाणी पिता येत नसतानाही ते पुन्हा पुन्हा तोंड बुडवत होते. आम्ही पोरे वर कड्यावर उभे राहून बघत होतो. मामा जवळ जाऊ लागले की ते उठायला बघायचे. संध्याकाळी ते तिथेच मेले. तात्यांनी "डोक्यात की छातीत" म्हटले तेव्हा मला तो ओहोळ आठवला.

तेव्हा तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपल्या बागेत, आपल्या बंदुकीने, अस्वलावर धरता येईल असा एकही प्रामाणिक नेम नाही. मग करायचे काय, ते पुढे.

ते येते कशाला, हे समजून घ्या

वाघ-बिबट्यासारखे ते तुमच्या मागावर नसते. मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या, आणि मोसमात फळे. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेते, नाकपुड्या मिटून, लांब ओठांची नळी करून. तो फुंकण्याचा आणि ओढण्याचा आवाज शांत रानात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. तो ओळखायला शिका, कारण त्या आवाजात गुंतलेले अस्वल तुमची पावले ऐकत नाही.

आपल्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरी म्हणून तिची पूजा करतात. त्याच रोयणीवर अस्वल जगते. पावसाळ्यात रोयणीवर अळमी, म्हणजे रानातली आळंबी, उगवतात आणि त्या काढायला बायामाणसे रानात शिरतात. ओल्या मातीत खणणे सोपे झालेले असते, म्हणून अस्वलही तिथेच. माझ्या मते काजूच्या दिवसांपेक्षाही ही गाठ जास्त जोखमीची, कारण पावसाच्या आवाजात दोघांनाही दुसऱ्याची चाहूल लागत नाही, आणि अळमी शोधणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतात.

मार्च ते मे काजूची बोंडे, करवंदे, मग जांभळे, फणस. उंबर आणि बहाव्याच्या शेंगा अधूनमधून. डिसेंबर-जानेवारीच्या आसपास मादी कपारीत किंवा गुहेत विते, बहुधा एक किंवा दोन पिल्ले. दोनेक महिन्यांनी ती पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. म्हणजे नेमकी काजू सुरू होताना. आणि आपण बागेतले रान तोडायला जातो ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमके ती कपारीत असताना. आपली दोघांची वर्षाची वही अशी एकावर एक पडते.

बागेची तयारी

रान तोडताना खडकाळ टोकाकडून सुरुवात करू नका. घराकडून वर जा, दोघातिघांनी, बोलत, कोयता झाडावर आपटत. कपारीच्या तोंडाशी ताजी माती, केस किंवा उग्र वास असेल तर त्या बाजूची पन्नास-साठ पावले त्या वर्षी सोडून द्या. चार झाडांखालचे रान राहिले म्हणून काजू कमी पडत नाही. कपारीत धूर करणे, दगड टाकणे, आत डोकावणे, यातले काहीही करू नका. वाघाला बघून पळणाऱ्या जनावरांच्या जातीतले हे जनावर नाही. वाघाच्याच रानात वाढलेले असल्याने अचानक समोर आलेल्या धोक्यावर ते धावून जाते, आणि मादी तर नक्कीच.

जाण्यायेण्याची वाट मात्र रुंद करा. दोन्ही बाजूंना तीन-चार पावले झुडपे काढून टाका, वळणावर तर जास्तच. काजूच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या वाटेच्या बाजूने छाटा. तीस पावलांवरून दिसलेले अस्वल आणि पाच पावलांवर दिसलेले अस्वल यात जीव आणि मरणाचा फरक असतो.

बोंडांचा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि त्याचा कंटाळा सगळ्यात जास्त. बी पिळून काढायची आणि बोंडे तिथेच झाडाखाली ढिगाने टाकायची ही सवय बऱ्याच जणांना आहे, विशेषतः ज्यांची स्वतःची भाटी नाही त्यांना. दोन दिवसांत ती आंबतात आणि तो वास अस्वलाला फार लांबून लागतो. बोंडे त्याच दिवशी बागेबाहेर न्या. भाटीवाल्याला द्या, नाहीतर घराजवळ खड्डा करून मातीखाली गाडा. शेजारच्या भाटाशी बोलून ठेवा, कारण तुम्ही साफ ठेवलेत आणि त्यांच्या हद्दीवर ढीग पडला तर अस्वलाला हद्द कळत नाही. भाटीवर हुर्राक (बोंडांच्या रसाची दारू) काढणाऱ्यांनी बोंडे तुडवायची जागा आणि आंबवायची पिंपे झाकलेली ठेवावीत, चोथा उघड्यावर साठू देऊ नये, आणि रात्री भाटीपासून घरापर्यंत एकट्याने, विझत्या बॅटरीने जाऊ नये.

वेळेबद्दल मी फार हट्टी आहे आणि घरात त्यावरून भांडणेही झाली आहेत. पहाटे फटफटायच्या आत बागेत जायची रीत जुनी आहे, उन्हाच्या आत काम उरकावे म्हणून. पण अस्वल रात्रभर चरून त्याच वेळी परतीला लागलेले असते. सूर्य चांगला वर आल्यावर, सातनंतर निघा. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास बागेतून बाहेर पडा. दुपारच्या उन्हाने डोके तापते, खरे आहे. रुमाल बांधा, पाणी न्या.

खुणा वाचायच्या कशा

रोयण फोडलेली दिसली तर जवळ जाऊन माती हातात घ्या. ओलसर, भुसभुशीत आणि वाळव्या अजून पळताहेत, तर ते आत्ताच इथे होते. तिथून आलेल्या वाटेने परत फिरा. कोरडी, कडा ढासळलेली असेल तर जुने काम. अस्वलाचा खड्डा खोल आणि वेडावाकडा असतो, कारण ते पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी खणते. ती नखे माणसाच्या बोटाएवढी लांब भरतात.

पायाचा ठसा ओलसर मातीत सोपा ओळखू येतो. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, पण पाच बोटे जवळजवळ एका सरळ रेषेत असतात आणि त्यांच्या पुढे, थोडे अंतर सोडून, नखांचे टोचे. विष्ठेत फळांच्या बिया किंवा वाळव्यांची डोकी ठिपक्यांसारखी दिसतात. झाडाच्या सालीवर समांतर ओरखडे, विशेषतः मधाचे पोळे असलेल्या झाडावर, हीही खूण.

या खुणा दिसल्या की मोबाईलवर फोटो काढून गावातल्या सगळ्यांना पाठवा, जागेच्या नावासह. आमच्या वाड्यावर आम्ही हेच करतो. "वरच्या पाणवठ्याकडे सकाळी ताजी रोयण" एवढा निरोप पुरतो.

रानात चालताना

आवाज करा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन आहे. काठीला वरच्या टोकाला गुरांच्या गळ्यातली छोटी घंटा किंवा घुंगरू बांधा आणि काठी टेकत चाला. ओहोळाच्या काठाने, वारा जोराचा असताना आणि पावसात घंटा पुरत नाही, तिथे मोठ्याने बोला, हाक मारत चला. कानात मोबाईलची गाणी लावून बागेत जाऊ नका. हे तरुणांना सांगावे लागते.

एकट्याने जाऊ नका, दोघे जा आणि एकमेकांच्या नजरेत राहा. अळमी काढताना एकाने खाली बघायचे, दुसऱ्याने उभे राहून भोवताली. कुत्रा बांधून ठेवा किंवा घरीच ठेवा. मोकळा कुत्रा अस्वलाला भुंकून डिवचतो आणि मग जीव वाचवायला धावत येतो तो तुमच्याच पायात, अस्वल त्याच्या मागे. माणसाला हा कुत्रा राखण वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

समोर आलेच तर

लांब आहे आणि त्याने तुम्हाला पाहिलेले नाही, तर आवाज न करता आल्या वाटेने मागे फिरा. ते कुठून कुठे चालले आहे ते बघा आणि त्याची वाट सोडा.

त्याने पाहिले आहे, उभे राहून वास घेते आहे, तर थांबा. हळू, शांत आवाजात बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळेल. तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे घ्या. दगड मारू नका, ओरडून अंगावर जाऊ नका. पिल्लू दिसले तर आई कुठे आहे ते आधी शोधा आणि त्यांच्या मध्ये सापडू नका. पळू नका, ते तुमच्यापेक्षा वेगाने धावते, चढावरही. झाडावर चढू नका, ते मधासाठी चढते आणि तुमच्यापेक्षा चांगले चढते.

धावून आले तर? बहुतेक वेळा हे इतक्या जवळून होते की विचाराला वेळ नसतो, म्हणून हे घरी करून बघा, लाज बाळगू नका. डोक्यावरची किंवा कमरेची टोपली त्याच्या आणि आपल्या मध्ये टाकता आली तर टाका. अंगाला भिडलेच तर जमिनीवर पालथे पडा. चेहरा मातीत, दोन्ही हातांची बोटे मानेच्या मागे एकमेकांत घट्ट अडकवलेली, कोपरे कानांच्या बाजूला दाबलेली. पाय थोडे फाकवा, म्हणजे ते उलथवू शकत नाही. उलथवलेच तर लोळून परत पालथे व्हा. अस्वलाचा हल्ला चेहऱ्यावर, डोळ्यांवर आणि टाळूवर येतो, ते वाचवायचे एवढेच तुमच्या हातात असते. त्याला तुम्हाला खायचे नसते, धोका मिटला असे वाटले की ते निघून जाते. ते गेल्यावरही लगेच उठू नका, आवाज पूर्ण थांबेपर्यंत पडून राहा.

सोबत्याने काय करायचे? थोडे मागे सरून मोठा आवाज करायचा, डबा वाजवायचा, आणि जखमी माणसाजवळ जायचे ते अस्वल दिसेनासे झाल्यावर. काठी घेऊन मध्ये पडल्याने दोघेही जखमी होतात.

जखम झाल्यावर

१०८ ला फोन करा आणि जागा नीट सांगा, गाडी येऊ शकेल अशी जवळची जागा ठरवा. पहिले काम रक्त थांबवणे. स्वच्छ फडका, नाहीतर ओढणी, पंचा, जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. भिजला तर तो न काढता त्यावर दुसरा. टाळूची कातडी सोलली गेली असेल तर ती तोडू नका, जागेवर अलगद ठेवून वरून बांधा. डोळ्याला इजा असेल तर डोळ्यावर दाब देऊ नका. चेहऱ्यातून रक्त येत असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर त्याला पुढे झुकवून बसवा, उताणे झोपवू नका, रक्त घशात जाते.

हळद, चुना, तंबाखू, माती, काहीही लावू नका. रक्त आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. धनुर्वाताचे आणि रेबीजचे इंजेक्शन दोन्ही घ्यावे लागतात. वन्यप्राण्याच्या खोल चाव्याला रेबीजच्या लसीबरोबर जखमेत द्यायचे प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. डॉक्टरांना "अस्वल" हा शब्द स्पष्ट सांगा. वाळपईला प्राथमिक उपचार होतात, पण चेहरा, डोळा, कवटी यांच्या जखमेला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जावेच लागते, म्हणून वाळपईत पोचल्यावर पुढच्या गाडीची चौकशी लगेच करा.

त्याच दिवशी वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. कपडे धुऊ नका, जागा तुडवू नका. भरपाईचा अर्ज याच कागदांवर उभा राहतो, आणि उशीर झाला की प्रश्न विचारले जातात.

फासात सापडलेले अस्वल

डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशीत अस्वल अडकते. फासकी लावणाऱ्याला डुक्कर हवे असते, तार निवडत नाही. विषही निवडत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बागेच्या कुंपणात कुणी फास लावला असेल तर तो काढून टाका. तुमच्या बागेत दुसऱ्याने लावलेला असला तरी काढा, आणि पुरावा म्हणून तार वनरक्षकाकडे द्या.

अडकलेले अस्वल दिसले तर जवळ जाऊ नका. तार तुटली की पहिले दिसणारे माणूस तुम्ही असता. शंभर पावले लांब राहून माणसे अडवा, मोबाईलवर चित्रण करायला जमलेल्या गर्दीला मागे सारा, कुत्रे बांधायला सांगा आणि वनखात्याला फोन करा. त्यांचा पशुवैद्य येतो आणि गुंगीची सुई मारतो. अस्वलावर माणसाने धरलेला प्रामाणिक नेम बघायचा असेल तर तो इथे बघायला मिळतो. सुई डोक्यावर, छातीवर किंवा पोटावर मारत नाहीत, मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत मारतात, तीही जनावर स्थिर असताना, जवळून, उजेडात. औषध चढायला बरीच मिनिटे लागतात, आणि गडबड असली की जास्त लागतात, कारण भेदरलेले जनावर गुंगीशी झगडत राहते. त्या वेळी गावाने पाळलेली शांतता हीच वैद्याला सगळ्यात मोठी मदत. नंतर डोळ्यांवर फडका टाकतात, तार कापतात, जखम बघतात. हे सगळे होईपर्यंत गप्प उभे राहणे अवघड जाते, मला माहीत आहे.

पिल्लू एकटे दिसले तर उचलू नका. आई जवळच कुठेतरी चरत असते किंवा तुमची चाहूल लागून बाजूला झालेली असते. पिल्लाला दूध पाजू नका, घरी आणू नका, फोटोसाठी हातात धरू नका. जागा लक्षात ठेवा, आल्या वाटेने मागे फिरा, त्या दिवशी बागेचे ते टोक सोडा आणि वनरक्षकाला कळवा. तात्यांच्या सुनेने त्या सकाळी जे केले तेच.

तात्यांनी दुसऱ्या दिवशी वाळपईच्या बाजारातून दोन घंटा आणल्या. एक सुनेच्या काठीला बांधली, दुसरी मला दिली.